हळदीच्या धंद्यात ब्लॉकचेन आणली तर कमाई कोणाची हलते?

सांगलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरची हळदीची अडत, जोडीला पावडरची गिरणी. वडील सौदे बघतात, मुलाने निर्यातीचं मनावर घेतलंय. एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याच्यापुढे ब्लॉकचेनचा प्रस्ताव ठेवला आहे. प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोड असेल आणि तो स्कॅन केला की शेतकऱ्याचं नाव, गाव, लागवडीची तारीख, लॅबचा रिपोर्ट सगळं दिसेल. त्याची विचारणा अशी, की याने आमचं बिझनेस मॉडेल खरंच बदलेल का, की नुसतंच खर्चाचं लचांड गळ्यात पडेल?

बदलू शकतं. पण प्रस्तावात फायद्यांचं जे पान असतं, तिथे फारसं काही घडणार नाही. घडेल ते तुमच्या गिरणीत, तुमच्या गोदामात आणि वडिलांनी शेतकऱ्यांना दिलेल्या उचलीत. प्रस्तावात या तिन्हींचा उल्लेख नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. शेतमाल निर्यात करणाऱ्यांच्या पुरवठा साखळीचं काम मी बरीच वर्षं बघतो आहे आणि असे प्रस्ताव एकमेकांच्या झेरॉक्स असावेत इतके सारखे असतात.

तंत्राबद्दल कामापुरतं सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली एक कीर्द. तिची प्रत प्रत्येकाकडे असते, नवी नोंद ठरलेल्या नियमाने सगळ्यांच्या प्रतींत चढते, आणि कोणी मागच्या पानावर खाडाखोड केली तर इतरांच्या प्रतींशी ती जुळत नाही. बस. धंदेवाल्याने यापुढे विचारायचं ते हे की आजवर ही कीर्द कोणाकडे होती आणि ती सांभाळण्याचं त्याला काय मिळत होतं. बाजारात माल हलवून कमावणारे जितके, तितकेच माहिती आपल्या मुठीत आहे म्हणून कमावणारे. कीर्द सामाईक झाली की या दुसऱ्या मंडळींची कमाई हलते. आणि ज्याची कमाई हलणार, तो आपणहून या कीर्दीत नोंदी करायला कशाला येईल?

या प्रश्नावर फार मोठमोठे लोक अडखळले आहेत. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने 2014 मध्ये पूर्व आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या एका शीत कंटेनरच्या कागदपत्रांचा माग काढला. जवळजवळ तीस व्यक्ती आणि संस्थांचे हात त्या कागदांना लागले होते, आणि त्यांच्यात दोनशेहून जास्त वेळा देवाणघेवाण झाली होती. हे सगळं एका सामाईक नोंदवहीत आणायचं म्हणून आयबीएमला सोबत घेऊन 2018 मध्ये त्यांनी ट्रेडलेन्स उभं केलं. तंत्र चालत होतं. एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड अशा तगड्या जहाज कंपन्याही पुढच्या वर्षभरात जोडल्या गेल्या. तरीही नोव्हेंबर 2022 मध्ये मर्स्क आणि आयबीएमने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत दिवे मालवले. जगभरच्या उद्योगाचं पूर्ण सहकार्य मिळालं नाही, असं कारण त्यांनीच दिलं.

माझ्या मते यात नवल काहीच नव्हतं. कोणता ग्राहक कुठून कुठे काय पाठवतो, ही माहिती म्हणजे जहाज कंपनीची आणि फॉरवर्डरची, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या मध्यस्थाची, खरी पुंजी. ती प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या मंचावर टाकायची, वर त्याचे पैसे भरायचे, आणि बदल्यात मिळणारी कागदांची बचत मुख्यतः दुसऱ्याच्या खिशात जायची. नंतर मालकीची आणि कारभाराची रचना कितीही सुधारली तरी ही गोम गेली नाही. व्यापार-कर्जातही तेच झालं. युरोपीय बँकांनी मिळून काढलेलं वी.ट्रेड 2022 मध्ये बंद पडलं, मार्को पोलो आणि कॉन्टूर 2023 मध्ये. तिन्हींच्या मागे नामांकित बँका होत्या.

मग चाललं कुठे? एक तर जिथे वरच्याने दंडुका उगारला तिथे. अमेरिकेत वॉलमार्टने आंब्याच्या फोडींच्या पाकिटाचा शेतापर्यंत माग काढून बघितला. जुन्या पद्धतीने जवळपास सात दिवस लागले, ब्लॉकचेनवर 2.2 सेकंद. हा आकडा तुमच्या प्रस्तावातही असेल, तो सगळ्यांच्याच प्रस्तावात असतो. त्यानंतरची गोष्ट मात्र सहसा सांगत नाहीत. 2018 मध्ये अमेरिकेत रोमेन लेट्यूसमधून ई. कोलायची साथ पसरली आणि त्याच सप्टेंबरमध्ये वॉलमार्टने पालेभाज्यांच्या पुरवठादारांना पत्र धाडलं की वर्षभरात या व्यवस्थेवर या. वॉलमार्टचा फायदा सरळ होता. साथ आली की सगळ्याच पुरवठादारांचा माल फेकायच्या ऐवजी एकाचाच फेकायचा. नोंदी करण्याचा खर्च पुरवठादाराचा. त्या बदल्यात भाव वाढवून मिळेल असं पत्रात काही नव्हतं. दुकानात शिरकाव टिकून राहिला, हीच कमाई.

दुसरं उदाहरण तुमच्या खिशातल्या फोनचं. धंदेवाल्यांच्या एसएमएसला आळा घालायला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2018 मध्ये नियम केले आणि त्यासाठी ब्लॉकचेनच्या जातीचं तंत्र, डीएलटी, बंधनकारक केलं. बँक असो की कापड दुकान, एसएमएस पाठवायचा तर आधी ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर संस्थेची नोंद करायची, मग हेडर, म्हणजे संदेशावर पाठवणाऱ्याचं जे छोटं नाव दिसतं ते, मग मजकुराचा साचा. साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच गळतो. 8 मार्च 2021 ला ही चाळणी प्रत्यक्षात लागली आणि देशभर ओटीपी अडकले. बँकांचे व्यवहार, आधार, लसीकरणाची नोंदणी सगळंच खोळंबलं. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. कारण साधं होतं. अनेक कंपन्यांनी साचे नोंदवलेच नव्हते.

या प्रकरणात बिझनेस मॉडेल कोणाचं बदललं ते बघा, कारण असला धडा आपल्या देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसरा मिळणार नाही. पूर्वी बल्क एसएमएस विकणारे स्वतःच्या नावचे हेडर ठेवायचे आणि शेकडो ग्राहकांचे संदेश त्यातून ढकलायचे. ती खुबी म्हणजेच त्यांचा धंदा होता. आता हेडर पाठवणाऱ्या संस्थेच्या नावावर आलं, आणि विक्रेता उरला नुसता पाइपवाला. कीर्द गेली टेलिकॉम ऑपरेटरांकडे आणि तिच्याबरोबर नोंदणीची फीसुद्धा. छोट्या दुकानदाराला 'आपली ऑर्डर तयार आहे' एवढं सांगायला फी आणि कागदपत्रं आली, म्हणून तो व्हॉट्सअपकडे वळला. नको असलेले कॉल पूर्ण थांबले का, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. फसवणूक करणारे साध्या दहा आकडी नंबरवरून बोलायला लागले, म्हणजे कीर्दीच्या बाहेरून.

आपखुशीने आणि नीट चाललेलं एक उदाहरण मला मनापासून आवडतं, आणि त्याची कोणी जाहिरात करत नाही. लघुउद्योजकांची बिलं वटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे तीन ट्रेड्स मंच सुरुवातीला आले, आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट. तिघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. धोका असा की एखादा बहाद्दर एकच बिल दोन मंचांवर देऊन दोनदा पैसे उचलेल. ते पकडायचं तर एकमेकांना बिलं दाखवावी लागतील, म्हणजे ग्राहकच दाखवावे लागतील. 2018 मध्ये मनीटागो या कंपनीच्या ब्लॉकचेन व्यवस्थेवर तिघांनी बिलाचा मजकूर न देता फक्त त्याचा गणिती ठसा, म्हणजे मजकुरावरून काढलेला आणि उलट वाचता न येणारा सांकेतिक क्रमांक, टाकायला सुरुवात केली. तोच ठसा दुसऱ्याकडून आला की धोक्याची घंटा. कोणाचा ग्राहक कोणाला कळत नाही, आणि नुकसान तिघांचंही टळतं.

इथे काय जुळून आलं होतं? एकमेकांवर विश्वास नसलेले पण सारख्याच ताकदीचे लोक होते, भीती सगळ्यांना सारखीच होती, आणि पडताळायची गोष्ट जन्मतःच डिजिटल होती. बिल म्हणजे आकडे. ठसा जुळला की विषय संपला. आणि तरीही पुढे जीएसटीचं ई-इन्व्हॉइस आलंच. त्यातला आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, हाही असाच 64 अक्षरांचा ठसा, फक्त तो सरकारच्या मध्यवर्ती पोर्टलवर नोंदला जातो. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तो आता सक्तीचा आहे. सगळ्यांना मान्य असा एक पंच उपलब्ध असेल तर बऱ्याच ठिकाणी साधा डेटाबेस पुरतो, हे ब्लॉकचेन विकणारा तुम्हाला सांगणार नाही. आपल्या द्राक्षांचंच घ्या. युरोपात जाणाऱ्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचा माग अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर बागेच्या नोंदणीपासून रेसिड्यूच्या, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशाच्या, रिपोर्टपर्यंत लागतो. त्यात ब्लॉकचेनचा पत्ता नव्हता, आणि 2000 च्या दशकाच्या मध्यापासून ते चाललंय.

आता हळद. सौद्यात जाणता खरेदीदार काय करतो ते तुम्ही लहानपणापासून बघता आहात. पोत्यात हात घालून तळाचं हळकुंड काढतो, मोडतो, मोडताना आवाज ऐकतो, आतला रंग बघतो, नखाने खरवडतो. एवढ्यात त्याला ओल कळते, शिजवण कळते, पॉलिशखाली काय दडलंय ते कळतं. यातलं काहीच फोनमध्ये आपोआप जात नाही. कोणीतरी टाइप करणार, मग ते साखळीत जाणार. लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या विषारी पिवळ्या रंगाची, भेसळ असलेल्या पावडरीच्या नावे 'भेसळमुक्त' अशी नोंद टाकली, तर ती नोंद ब्लॉकचेनवर तितकीच अढळ राहील जितकी खरी नोंद राहिली असती. म्हणून नमुना कोण काढणार, त्याला सील कोण लावणार आणि रिपोर्ट लॅबमधून थेट चढणार की तुमच्या ऑफिसातून, या तीन गोष्टींना मी सॉफ्टवेअरपेक्षा जास्त भाव देतो.

खरी मेख पुढे आहे. हळकुंडाला शेतकऱ्याचं नाव चिकटवून ठेवता येतं, पावडरीला येत नाही. पॉलिशच्या ड्रमपर्यंत पोती वेगळी ठेवता येतात. गिरणीत तुम्ही रंग जुळवायला चार ठिकाणचा माल एकत्र करता, आणि त्यात काही वावगं नाही, पावडरीचा धंदा मिसळण्याच्या कौशल्यावरच चालतो. पण पाकिटावर एका शेतकऱ्याचं नाव टाकायचं म्हटलं की त्याचा लॉट वेगळा साठवायचा, वेगळा दळायचा, आधी गिरणी साफ करायची, साफ करताना जाणारी घट सोसायची, आणि लॉट संपेपर्यंत त्याच्यापुरतं भांडवल अडकवून ठेवायचं. लहान लॉट म्हणजे लॅबचा खर्चही किलोमागे जास्त. आणि रंग? तो लॉटगणिक बदलणार. जर्मनीतल्या खरेदीदाराला दर कंटेनरला एकच छटा हवी असेल तर तुमची पंचाईत.

म्हणजे क्यूआर कोड लावल्याने नव्हे, तर तो खरा ठेवायचा म्हटल्याने तुमचं मॉडेल बदलतं. आज तुम्ही मिसळून सरासरी साधता आणि उलाढालीवर कमावता. उद्या तुम्ही मोजक्या शेतकऱ्यांचा माल ओळख टिकवून विकाल, कमी माल, जास्त भाव. हा धंदा चांगला आहे, तो करणारे आहेत. पण तो वेगळा धंदा आहे. त्याची गिरणी वेगळी, गोदामाची मांडणी वेगळी, कामगारांच्या सवयी वेगळ्या. एका मसालेवाल्यांकडे मी बघितलं की वर्षभर सगळं व्यवस्थित स्कॅन होत होतं, फक्त गिरणीवरचा माणूस शेवटच्या पोत्यांत उरलेला माल सवयीने पुढच्या लॉटमध्ये ओतत होता. पडद्यावर साखळी अखंड, जमिनीवर केव्हाच तुटलेली. सॉफ्टवेअरला ते कळायचा मार्गच नव्हता.

यावर उपाय आहे, आणि तो प्रामाणिक आहे. शेतकऱ्याऐवजी शेतकऱ्यांच्या गटाच्या पातळीवर माग ठेवायचा. 'या बॅचमध्ये या बारा जणांचा माल आहे' असं म्हणायचं. पाकिटावर एका शेतकऱ्याचा हसरा फोटो येणार नाही, पण खोटंही बोलावं लागणार नाही.

एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. सांगलीच्या पेठेत येणारी सगळी हळद सांगलीच्या रानातली नसते, हे पेठेला ठाऊक आहे. बाहेरच्या राज्यांतून येते, मराठवाड्यातून येते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीकडच्या वसमत हळदीला आता तिचं स्वतःचं आहे. नोंदी खरोखर उघड्या झाल्या तर 'सांगली' या नावावर मिळणाऱ्या वरकड भावाचा काही भाग मूळ गावाकडे सरकेल. तुमचा निर्यातीचा माल कुठून येतो यावर तुमचा यात तोटा आहे की फायदा ते ठरेल. जवळच्या गावांतून थेट खरेदी असेल तर पारदर्शकता तुमच्या बाजूची आहे. पेठेतून उचलून भरत असाल तर ती तुमच्यावरच उलटेल, आणि ते प्रकल्प सुरू व्हायच्या आधी कळलेलं बरं.

आता वडिलांच्या बाजूचं. अडत्याची कमाई कागदावर अडतीची असते, पण शेतकरी त्याच्याकडे टिकतो तो उचलीमुळे. बेण्याला पैसे, लग्नाला पैसे, मग माल आपल्याच दुकानी येतो. मला तर तुमच्या धंद्यातला सर्वांत मोठा बदल याच बाजूने येताना दिसतो. केंद्राच्या वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामात माल ठेवला की इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, ती एनईआरएल किंवा सीसीआरएल या रिपॉझिटरीत, म्हणजे पावत्यांच्या डिजिटल भांडारात, राहते, आणि तिच्यावर बँक कर्ज देते. आपल्या राज्य वखार महामंडळाने गोदाम पावतीवरच्या कर्जासाठी राज्य सहकारी बँकेच्या साथीने ब्लॉकचेनही वापरात आणली. यामागची अडचण ट्रेड्ससारखीच आहे. एकच माल दोन बँकांकडे तारण पडू नये. बँकेची ती भीती गेली की कर्ज लवकर मिळतं. आवकेच्या ऐन भरात भाव पडलेला असताना शेतकऱ्याला विकायची घाई राहत नाही, आणि उचलीचीही राहत नाही.

वडील म्हणतील, "शेतकरी बँकेत जाणारच नाही, तिथे कागद फार." काही वर्षं ते खरंही ठरेल. पण उचलीवर माणूस बांधून ठेवणं हा ज्या धंद्याचा पाया आहे, त्याला पुढे गळती लागणार हे गृहीत धरून चला. तुमच्याकडे साठवणुकीची जागा असेल तर गोदाम नोंदवून साठवणूक, प्रतवारी आणि पावतीचं काम अंगावर घ्या. तिथे आपली पेठेतली पत कामी येते. बँकेलाही गोदामात माल खरंच आहे का, तो किडला तर नाही ना, हे सांगणारा जाणकार माणूस लागतोच. कोणतीही साखळी पोत्यात हात घालत नाही.

शेतकऱ्यांना बोनस म्हणून टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरची डिजिटल नाणी, द्यायची कल्पना प्रस्तावात असेल तर ती काटा. आभासी डिजिटल मालमत्तेवर 2022 पासून 30 टक्के कर आणि हस्तांतरावर 1 टक्का टीडीएस आहे, आणि शेतकऱ्याला त्याच्या विवरणाची भानगड समजावत बसायला तुमच्याकडे वेळ नाही. बोनस बँक खात्यात द्या. शेतकऱ्याचा आधार, खाते क्रमांक, फोन यातलं काहीही साखळीवर चढू देऊ नका. तिथून पुसता येत नाही, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. ही माहिती तुमच्या साध्या डेटाबेसमध्ये राहू द्या, साखळीवर फक्त ठसा.

करायचं काय? सॉफ्टवेअर कंपनीला उत्तर देण्याआधी निर्यातीच्या खरेदीदाराला एक मेल टाका. त्यात असं विचारा, की लॉटनिहाय माग आणि तटस्थ लॅबचा रिपोर्ट दिला तर किलोमागे किती जास्त द्याल, आणि ते करारात लिहाल का? तो 'फार छान उपक्रम' म्हणून गप्प बसला तर तुम्हाला कळलंच की हा खर्च तुमचा आणि फायदा त्याचा. त्याने आकडा लिहून दिला तर त्यातून गिरणीची साफसफाई, घट, अडकलेलं भांडवल, लॅब आणि हंगामात नोंदी करायला लागणारा एक माणूस वजा करा. सॉफ्टवेअरचं भाडं शेवटी धरा, बहुतेक वेळा तेच सर्वांत लहान निघतं.

शिल्लक उरत असेल तर पहिल्या हंगामात एका गावचा, एकाच गटाचा माल घ्या आणि नोंदी एक्सेलमध्ये ठेवा. मी गंमत करत नाही. एक्सेलमध्ये लॉट टिकला नाही तर ब्लॉकचेनवरही टिकणार नाही. टिकला, आणि खरेदीदार म्हणाला की तुमच्या एक्सेलवर आमचा विश्वास नाही, तर सामाईक कीर्दीची गरज खरी ठरली. मग सॉफ्टवेअर कंपनीला परत बोलवा आणि करारात तीन गोष्टी लिहून घ्या. साखळीच्या प्रती तुमच्याशिवाय आणखी कोणाकडे असणार, त्यांची नावं (सगळ्या प्रती त्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर तो नुसता महागडा डेटाबेस आहे). कंपनी बंद पडली तर तुमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत हातात मिळणार. आणि तुमच्या शेतकऱ्यांची यादी ती दुसऱ्या कोणत्याही निर्यातदाराला, थेट किंवा आडून, वापरू देणार नाही. तिसऱ्या कलमावर समोरचा चुळबुळ करायला लागला, तर त्याचं स्वतःचं बिझनेस मॉडेल काय आहे ते तिथेच विचारून घ्या.